मॅकवर फॉन्ट कन्व्हर्टर उघडत नाही, सिक्युरिटी आडवी येते

शाईपेन
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणायचं काम चाललंय. ते पेजमेकर या जुन्या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये लावलेले आणि फॉन्टही त्या काळचे. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मजकूर उघडला की कवितेच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि कंस यांची खिचडी दिसते. ते पालटण्यासाठी ओळखीतल्या एका प्रोग्रामरने छोटा कन्व्हर्टर करून दिला होता. जुन्या मॅकवर तो बिनतक्रार चालायचा.

आता वाचनालयाने नवा मॅक मिनी घेतलाय (एम४, मॅकओएस सिक्वोया). झिप फाइल पुन्हा उतरवून घेतली, उघडली, तर खिडकी येते. मजकुराचा अर्थ असा की या ॲपमध्ये मॅकला अपाय करणारं काही नाही याची खात्री ॲपलला करता आली नाही. खाली दोनच बटणं, ‘डन’ आणि ‘मूव्ह टू ट्रॅश’. उघडायचं बटणच नाही! राइट क्लिक करून ‘ओपन’ म्हणा, असं एकाने सांगितलं. तेही केलं, परत तीच खिडकी. दुसऱ्याने सांगितलं, टर्मिनलमध्ये एक कमांड टाका, सगळी सिक्युरिटीच बंद होते. ते करायला हात धजावत नाही. काय करावं?

नाक्यावरचा
ताई, बंद करून टाका की सरळ. मी माझ्या मॅकवर पहिल्या दिवशीच केलंय. काय बी होत नाही.

करवंद
नाक्यावरचे भाऊ, तुमचं मशीन तुमच्या घरचं. त्यांचं वाचनालयाचं आहे, त्यावर उद्या कोण बसेल नि काय उतरवेल सांगता येत नाही.
शाईपेन, थोडं थांबा, इथे मॅकवाले आहेत.

दगडीपाटी
शाईपेनताई, सगळं बंद करायची काहीच गरज नाही. तुमच्या एका ॲपपुरती परवानगी देता येते, फक्त तिची जागा बदलली आहे.

राइट क्लिकची युक्ती २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत चालायची. सिक्वोया आलं आणि ॲपलने ती काढून टाकली. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंमध्ये अजून तीच सांगतात, म्हणून लोक गोंधळतात. आता असं करा. ॲप एकदा उघडायचा प्रयत्न करा, खिडकी आली की ‘डन’ म्हणा. ट्रॅशवर क्लिक करू नका. मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी ॲन्ड सिक्युरिटी’ उघडा आणि बरंच खाली जा. ‘सिक्युरिटी’ या मथळ्याखाली तुमच्या कन्व्हर्टरचं नाव आणि ‘ओपन एनीवे’ असं बटण दिसेल. ते दाबा, पुन्हा एकदा विचारेल तेव्हाही तेच दाबा, ॲडमिनचा पासवर्ड द्या. एकदा उघडलं की ते ॲप अपवाद म्हणून लक्षात ठेवलं जातं, पुढे नेहमीसारखं डबल क्लिकने उघडेल.

ते बटण साधारण तासभरच तिथे असतं. आधी सकाळी प्रयत्न केला आणि संध्याकाळी सेटिंग्जमध्ये गेलात तर दिसणार नाही. पुन्हा ॲप उघडायचा प्रयत्न करा, पुन्हा येईल.

पण हे करायच्या आधी एक सांगा. झिप कुठून उतरवली? त्या प्रोग्रामरनेच दिलेली लिंक की गूगलवर शोधून?

शाईपेन
धन्यवाद, दगडीपाटी! त्यांच्याच ड्राइव्हवरची लिंक आहे. त्यांना फोन करून विचारलं, ते म्हणाले फाइल तीच आहे, बदललेली नाही. पण मग ॲपल असं का म्हणतंय? व्हायरस सापडला असेल का?

दगडीपाटी
नाही. त्या खिडकीचा अर्थ ‘सापडला’ असा नाही, ‘हे आमच्याकडून तपासून घेतलेलं नाही’ एवढाच आहे. मॅकवर अशा तीन वेगवेगळ्या खिडक्या येतात आणि लोक तिन्हींना एकाच मापाने मोजतात, तिथे घोटाळा होतो.

पहिली तुमची, ‘खात्री करता आली नाही’. यात ॲप चांगलंही असू शकतं, वाईटही. निर्णय तुमचा.

दुसरी म्हणते की ॲप ‘डॅमेज्ड’ आहे, ट्रॅशमध्ये टाका. यात बऱ्याचदा खराबी काहीच नसते. करणाऱ्याची डिजिटल सहीच नसलेलं किंवा सही मोडलेलं ॲप इंटरनेटवरून आलं की एम मालिकेच्या मॅकवर ही खिडकी येते. डाउनलोड अर्धवट झालं तरीही येते. इथे ‘ओपन एनीवे’ सहसा मिळत नाही. आधी फाइल नव्याने उतरवा, तरीही तेच झालं तर करणाऱ्याला सांगा.

तिसरी सांगते की हे ॲप तुमच्या कॉम्प्युटरला इजा करेल. इथे हुज्जत घालायची नाही. करणाऱ्याचं सर्टिफिकेट ॲपलने रद्द केलेलं असतं किंवा मॅकमधल्या एक्सप्रोटेक्ट या तपासनिसाने ओळखीचा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, पकडलेला असतो.

टिपकागद
या पहारेकऱ्याचं नाव गेटकीपर. २०१२ मध्ये मॅकओएसच्या माउंटन लायन आवृत्तीबरोबर आला. तेव्हा सेटिंग्जमध्ये तीन पर्याय होते: फक्त ॲप स्टोअर, ॲप स्टोअर आणि ओळखीचे डेव्हलपर, आणि ‘एनीव्हेअर’. तिसरा पर्याय २०१६ च्या सिएरामध्ये नजरेआड केला. २०१९ मध्ये कॅटालिना आलं तेव्हा नोटरायझेशन सक्तीचं झालं. म्हणजे स्टोअरबाहेर वाटायचं ॲपसुद्धा आधी ॲपलच्या सर्व्हरवर पाठवायचं, तिथे आपोआप तपासणी होते आणि शिक्का मिळतो. शिक्का नसेल तर शाईपेन यांना आली ती खिडकी.

हा शिक्का मिळवायला डेव्हलपर प्रोग्रामचं सभासदत्व लागतं, वर्षाला ९९ डॉलर. वाचनालयासाठी फुकटात कन्व्हर्टर करून देणारा माणूस दरवर्षी एवढे पैसे का भरेल? मला तर यात सुरक्षेपेक्षा दुकानदारी जास्त दिसते. प्रत्येक आवृत्तीत दार थोडं अजून लोटून घेतात. कधीतरी पूर्ण बंद करतील.

करवंद
टिपकागद, दुकानदारी असेलही, पण भीती खोटी नाही. २०१६ च्या मार्चमधलं ट्रान्समिशनचं प्रकरण आठवतंय? टॉरेंटचं साधं, नावाजलेलं ॲप. त्याच्या अधिकृत साइटवरच्या २.९० आवृत्तीत कोणीतरी केरेंजर नावाचं रॅन्समवेअर घुसवलं. तीन दिवस गप्प बसायचं, मग फायली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागायचं. पुढच्या वर्षी हँडब्रेक या व्हिडिओ पालटायच्या ॲपचं झालं, डाउनलोडच्या दोन सर्व्हरपैकी एकावर बाधित फाइल ठेवलेली होती. लोकांनी चोरबाजारातून काही आणलेलं नव्हतं, योग्य साइटवरूनच घेतलं होतं.

टिपकागद
अहो, तुम्ही माझाच मुद्दा मांडताय! केरेंजर घुसवलेल्या ट्रान्समिशनवर रीतसर डेव्हलपर सर्टिफिकेटची सही होती. गेटकीपरने सलाम ठोकून आत सोडलं. नंतर ॲपलने ते सर्टिफिकेट रद्द केलं. आणि नोटरायझेशन आल्यावरही २०२० च्या ऑगस्टमध्ये श्लेयर या कुप्रसिद्ध ॲडवेअरला ॲपलनेच शिक्का दिल्याचं उघडकीला आलं. शिक्का रद्द केला, तर काही दिवसांत त्याच टोळीच्या नव्या फायलींवर पुन्हा शिक्का. मग शाईपेनबाईंच्या प्रोग्रामरने काय घोडं मारलंय?

दगडीपाटी
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून मी लिंक कुठली ते आधी विचारलं. शिक्का असला म्हणजे ॲप निर्धोक असं नाही, नसला म्हणजे घातक असंही नाही. शिक्क्याचा खरा फायदा नंतरचा. काही उघडकीला आलं तर ॲपल एका जागेवरून तो रद्द करू शकतं आणि सगळीकडे ते ॲप चालायचं थांबतं. केरेंजरच्या वेळी शिक्का नव्हता, पण सर्टिफिकेट असंच रद्द केल्याने ते आटोक्यात यायला मदत झाली. शिक्का नसलेल्या ॲपच्या बाबतीत ही सोय नाही, तिथे तुम्ही आणि ॲप देणारा माणूस एवढेच.

हँडब्रेकच्या वेळी ज्यांनी साइटवर दिलेला चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) आपल्या फाइलशी ताडून पाहिला त्यांना बाधित फाइल लगेच कळली असती. शाईपेनताई, तुमच्या प्रोग्रामरला झिपचा शा-२५६ चेकसम काढून पाठवायला सांगा आणि तुमच्याकडच्या फाइलचा काढून जुळवा. जुळला तर मधे कोणी हात घातलेला नाही हे पक्कं. मात्र तो लिंकशेजारीच लिहिलेला नको. लिंक बदलणारा तोही बदलेल. फोनवर तो पूर्ण वाचून घ्या.

घडीचंपुस्तक
एक शंका. माझ्याकडे अशीच एक युटिलिटी पेनड्राइव्हवरून घेतली होती (ऑफिसच्या विंडोज पीसीवरून कॉपी केलेली). ती मॅकने काहीही न विचारता उघडली. मग तपासणी होते तरी कशाची?

दगडीपाटी
चांगला प्रश्न. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला एक अदृश्य चिठ्ठी चिकटते, तिला क्वारंटाइन म्हणतात. हे २००७ च्या लेपर्डपासून आहे. चिठ्ठी सिस्टिम आपणहून लावत नाही, ज्या ॲपमधून फाइल उतरली ते लावतं: सफारी, क्रोम, मेल, एअरड्रॉप वगैरे. गेटकीपर मुख्यतः चिठ्ठीवाल्या फायली पहिल्यांदा उघडताना अडवतो. सोसायटीचा वॉचमन फाटकातून येणाऱ्याला वहीत सही करायला लावतो, पण गाडीच्या मागच्या सीटवर बसून आलेल्याला विचारत नाही, तसं. पेनड्राइव्हवरून आलेल्या तुमच्या फाइलला चिठ्ठीच नव्हती. एक्सप्रोटेक्टची ओळखीच्या मालवेअरची तपासणी वेगळी असते, ती तरीही होते.

विंडोजवरही हेच तत्त्व. तिथे एजने किंवा क्रोमने उतरवलेल्या फाइलला ‘मार्क ऑफ द वेब’ लागतो.

करवंद
विंडोजचा विषय निघालाच आहे तर लिहून ठेवतो, कारण हा धागा शोधून येणारे बरेच जण विंडोजवाले असतील. निळी खिडकी येते, ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’, आणि बटण दिसतं फक्त ‘डोंट रन’चं. वरच्या मजकुरातल्या ‘मोअर इन्फो’ या शब्दांवर क्लिक केलं की ‘रन एनीवे’ येतं. ही स्मार्टस्क्रीन. ती बरीचशी फाइलच्या प्रसिद्धीवर चालते. जगात मोजक्याच लोकांनी उतरवलेली फाइल तिला संशयास्पद वाटते. त्यामुळे मराठीसाठी कोणी काही छोटं केलं की हमखास अडतं, वापरणारेच मूठभर.

विंडोज ११ मधल्या स्मार्ट ॲप कंट्रोलने अडवलं तर मात्र त्या एका ॲपपुरती पळवाट नाही. आणि स्वस्त लॅपटॉपवर कधी कधी एस मोड असतो, त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण परत आत जाता येत नाही.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर यातलं काही करू नका, आयटीवाल्यांना तिकीट टाका. अडवणूक त्यांनी मुद्दाम केलेली असू शकते.

नाक्यावरचा
एवढं रामायण कशाला, टर्मिनलची एक ओळ टाकली की चिठ्ठीच जाते, मग वॉचमन बी अडवत नाही. देऊ का इथं?

संपादक मंडळ
कृपया टर्मिनलच्या तयार कमांड इथे देऊ नयेत. धाग्याचं हे धोरण आहे.

दगडीपाटी
संपादकांशी सहमत. चिठ्ठी काढायची कमांड स्वतः वाईट नाही, मीही वापरतो. पण गेल्या काही वर्षांत मॅकवर पासवर्ड चोरणारे बरेच मालवेअर याच वाटेने येतात. बनावट साइट म्हणते, ॲप उघडत नसेल तर ही ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाका. माणूस स्वतःच्या हाताने टाकतो आणि गेटकीपर बाजूला बसून बघत राहतो. राइट क्लिकचंही तेच झालं होतं, चोरांच्या इन्स्टॉलरच्या खिडकीत चक्क ‘राइट क्लिक करून ओपन म्हणा’ असं चित्रासकट छापलेलं असायचं. ॲपलने ती वाट बंद केली त्यामागे हे एक कारण दिसतं. नाक्यावरचे भाऊ, तुम्हाला ती ओळ काय करते ते माहीत आहे. इथून कॉपी करणाऱ्याला असेलच असं नाही.

अंबाडी
मॅकचं मला काही कळत नाही, पण फोनवर याच्याहून भयंकर चाललंय म्हणून लिहिते. आमच्या काकांना व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके (अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल) आली. गाडी त्यांची आहे, सिग्नलही कधीतरी तोडला असेल, म्हणून घाबरून उघडली. फोनने दोनदा अडवलं. काकांनी दोन्ही वेळा सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी दिली! नशिबाने भाची शेजारी होती, तिने एसएमएस वाचायची परवानगी मागताना पाहिलं आणि फोन हिसकावून ते ॲप काढून टाकलं. लग्नपत्रिकेच्या नावानेही अशाच फायली फिरतात.

करवंद
अंबाडी, बरं झालं लिहिलंत. लोकांना वाटतं अडवणं ही फोनची कटकट. चलान खरं असेल तर ते परिवहनच्या साइटवर गाडीच्या नंबराने दिसतं, त्यासाठी व्हॉट्सॲपवरची एपीके लागत नाही. एम-परिवहनसुद्धा प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं.

अँड्रॉइडमध्ये ‘अननोन सोर्सेस’ पूर्वी एकच बटण होतं, चालू केलं की सगळ्यांना रान मोकळं. २०१७ च्या ओरिओ आवृत्तीपासून ते ॲपनिहाय झालं, म्हणजे व्हॉट्सॲपला वेगळी परवानगी, क्रोमला वेगळी. काकांनी व्हॉट्सॲपला दिलेली परवानगी अजून चालूच असेल, ती आज जाऊन बंद करा. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीसारख्या (पडद्यावरचं वाचायची, बटणं दाबायची मुभा) नाजूक परवानग्या सहज मिळत नाहीत, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ म्हणून अडतं. २०२४ मध्ये गूगलने भारतासाठी प्ले प्रोटेक्ट या ॲप तपासणाऱ्या सोयीचा आणखी कडक प्रयोग जाहीर केला. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल तर बसूच द्यायचं नाही. ओटीपी चोरणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

टिपकागद
आणि आता गूगलही ॲपलच्या वळणावर. स्टोअरबाहेरच्या ॲपच्या डेव्हलपरनेसुद्धा स्वतःची ओळख पटवायची, असं २०२५ मध्ये जाहीर केलंय. काकांसाठी ठीक आहे. हौशी माणसाचं काय होणार, ही मला चिंता. असो, धागा शाईपेन यांचा आहे.

शाईपेन
चेकसम जुळला! फोनवर दोघांनी एकेक अक्षर वाचलं, वाचनालयातले आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकत होते. मग दगडीपाटींनी सांगितलं तसं केलं. ‘ओपन एनीवे’ दिसलं, पासवर्ड दिला, मग ‘रोझेटा बसवायचं का’ असं विचारलं, त्याला हो म्हटलं (बरोबर ना?). कन्व्हर्टर उघडला एकदाचा!

पण आता फॉन्टची यादी रिकामी दिसते. कोणता फॉन्ट ते निवडताच येत नाही. कन्व्हर्टरच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फॉन्टच्या नावाची एकेक टेक्स्ट फाइल आहे, त्या सगळ्या जागेवर आहेत. जुन्या मॅकवर याद्या नीट यायच्या.

दगडीपाटी
रोझेटाचं बरोबर केलंत. तुमचा कन्व्हर्टर इंटेल मॅकसाठी केलेला आहे, एम४ वर तो रोझेटाच्या मध्यस्थीने चालतो. प्रोग्रामरच्या कानावर घाला, कारण ॲपलने मॅकओएस २७ नंतर रोझेटा बरंचसं काढून घेणार असं सांगितलंय. तोवर नवी आवृत्ती बांधून घ्या.

रिकाम्या यादीचं कारण मजेशीर आहे आणि तेही सिक्युरिटीच. सिएरापासून मॅक एक गंमत करतो. चिठ्ठीवालं ॲप झिपमधून निघालं तिथूनच उघडलंत, तर ते त्या जागेवरून चालत नाही. सिस्टिम त्याला एका तात्पुरत्या, फक्त वाचता येणाऱ्या गुप्त जागी नेऊन चालवते, शेजारच्या फायलींमध्ये कोणी लबाडी करू नये म्हणून. कन्व्हर्टर बिचारा ‘माझ्या शेजारच्या याद्या’ शोधतोय आणि त्याच्या शेजारी काहीच नाही.

उपाय सोपा, पण नेमका करा. फाइंडरमध्ये फक्त कन्व्हर्टरचं ॲप उचलून डेस्कटॉपवर न्या. पूर्ण फोल्डर हलवून उपयोग नाही, ॲप एकटं हलवायचं. मग ते परत त्याच फोल्डरमध्ये आणून ठेवा. तुम्ही हाताने हलवलंत म्हणजे ठरवून ठेवलंत असं सिस्टिम मानते आणि पुढे ते जागेवरूनच चालवते.

घडीचंपुस्तक
हे खरंच कुठे लिहिलेलं नसतं. वाचनखूण साठवली.

नाक्यावरचा
दगडीपाटी, मानलं तुम्हाला. पण एवढ्यात माझे दहा अंक पालटून झाले असते.

घडीचंपुस्तक
शाईपेन, पुढचा विचार म्हणून सुचवतो. असे कन्व्हर्टर नुसत्या वेबपानाच्या रूपातही करता येतात. एक एचटीएमएल फाइल, ब्राउझरमध्ये उघडायची, इंटरनेट नसलं तरी चालते. बसवायचं काहीच नाही, म्हणून शिक्क्याचा, रोझेटाचा, ९९ डॉलरचा प्रश्न नाही. तुमच्या याद्या टेक्स्टमध्येच आहेत म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. प्रोग्रामर तयार असतील तर मी हातभार लावतो.

शाईपेन
याद्या आल्या! डेस्कटॉपवर नेऊन परत आणलं आणि सगळे फॉन्ट दिसायला लागले. एक जुना अंक पूर्ण पालटून झाला. पहिल्या वेलांट्या आणि रफार बरोबर जागी बसलेत, फक्त ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असले शब्द ‘दुसर्या’, ‘तर्हा’ असे रफार घेऊन येतात. घडीचंपुस्तक, वेबपानाचं प्रोग्रामरना कळवते, ते नक्की तयार होतील. आता हे ‘ऱ्या’चं कुठे दुरुस्त करू? की नवा धागा काढू?

टिपकागद
इथेच सांगतो. कन्व्हर्टर तिथे साधा र, हलन्त आणि मग य टाकतोय, त्याचा युनिकोडमध्ये रफारच होतो. त्या र च्या जागी नुक्त्याचा ऱ हवा. तुमच्या फॉन्टच्या टेक्स्ट यादीत आडव्या र च्या खुणेची ओळ शोधा, उजव्या बाजूला र् असेल तिथे ऱ् करा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. आधी मूळ यादीची एक प्रत बाजूला काढून ठेवा. अंक पालटून झाले की ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून एकदा नजर टाका, ‘सूर्य’ आणि ‘गर्हा’ यांतला रफार तसाच राहायला हवा.